बबली आणि धुऱ्यावरचे पाडस

तेल्हाऱ्याहून हेमलकशाला जायचे म्हणजे विदर्भाच्या एका टोकाहून निघून दुसरे टोक गाठायचे. अकोला, नागपूर, चंद्रपूर मागे टाकून आलापल्लीपुढच्या सागवानी जंगलातून भामरागडचा रस्ता धरायचा. पोरांना बिबट्या, अस्वल, तरस, साळिंदर पाहायचे असते. मोठ्यांनी मात्र निघण्याआधीच त्यांना सांगून ठेवावे, की हे प्राणिसंग्रहालय नव्हे, अनाथालय आहे.

त्याची सुरुवात झाली एका सौद्याने. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या रानात दवाखाना चालवू लागले. एकदा वाटेत शिकार करून परतणारे माडिया भेटले. मेलेली माकडीण बांबूला बांधलेली आणि तिचे जिवंत पिल्लू अजून तिच्या छातीला लुचत होते! डॉक्टरांनी उपदेश केला नाही. तांदूळ देऊन पिल्लू मागून घेतले. तीच बबली. पुढे शिकारीत पोरकी झालेली पिल्ले माडिया स्वतःच आणून देऊ लागले. मला तर खरे मोल त्या तांदळाचे वाटते. भुकेपोटी शिकार करणाऱ्याला पाप-पुण्य सांगून काय होणार?

पण या मायेलाही मर्यादा आहे. माणसाच्या हातचे दूध पिऊन वाढलेल्या बिबट्याला शिकार शिकवायला आई नसते. माणसाचे भयही उरत नाही. सोडला तर तो गावाकडेच यायचा. म्हणून जन्मभर पिंजरा.

आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशीही, तुरीच्या शेतात एखादे हरणाचे पाडस एकटेच बसलेले दिसते. ‘बिचारे पोरके!’ म्हणून कुणीतरी ते उचलून घरी आणतो. बहुतेक वेळा ते पोरके नसतेच. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते आणि माणसे हटल्याशिवाय ती जवळ येत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरी ठेवणे गुन्हाच. ज्याचा हरभरा रोह्यांनी एका रात्रीत फस्त केला, त्याला हे ऐकवणे सोपे नाही, हेही खरे. तरी पाडस दिसले तर हात लावू नये. कुत्री हाकलावीत, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि अंधार पडेपर्यंत त्या धुऱ्याकडे फिरकू नये.