परीक्षेचे तीन तास कोणाच्या घड्याळाचे?

रायपूरच्या चौबे कॉलनीचे नाव तेथील महाराष्ट्र मंडळामुळे दूरदूरच्या मराठी माणसांनाही परिचित आहे. हे मंडळ १९३५ साली स्थापन झाले. या वस्तीतील मराठी कुटुंबांत, आणि खरे तर कोणत्याही कुटुंबात, दिवाणखान्यातील घड्याळ बहुधा पाच मिनिटे पुढे असते. मंडळी वेळेवर घराबाहेर पडावीत, एवढाच त्यामागील हेतू. घरापुरती ही युक्ती ठीकच आहे. परंतु फेब्रुवारी-मार्च उजाडला की मुलांच्या हाती छत्तीसगड माध्यमिक शिक्षण मंडळाचे वेळापत्रक पडते आणि त्यात हीच पाच मिनिटे मोलाची ठरतात. अलीकडच्या वर्षांतील क्रम असा: ९ वाजता जागेवर बसणे, ९.०५ ला उत्तरपत्रिका, ९.१० ला प्रश्नपत्रिका आणि ९.१५ ते १२.१५ लेखन. एका खोलीतील भिंतीवरचे घड्याळ चार मिनिटे मागे आणि शेजारच्या खोलीतील दोन मिनिटे पुढे असेल, आणि दोन्ही ठिकाणी आपापल्या काट्यांकडे पाहून वाटप झाले, तर तास देणारी घंटा एकच असूनही दोन्ही खोल्यांतील मुलांना सारखा वेळ मिळणार नाही.

गमावलेला वेळ मागाहून भरून देणे किती कठीण असते, याचा अनुभव छत्तीसगडला २०२४ साली आला. ५ मे रोजी वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा झाली. काही केंद्रांवर विद्यार्थ्यांचा वेळ वाया गेला. त्यांत याच राज्यातील बालोद व दंतेवाडा येथील केंद्रे होती. तेथे दोष घड्याळांचा नव्हता, प्रश्नपत्रिकांच्या वाटपाचा होता. परंतु हानी वेळेचीच झाली. भरपाई म्हणून देशभरातील १,५६३ परीक्षार्थींना वाढीव गुण देण्यात आले. त्यातून ७१८ व ७१९ असे गुण निर्माण झाले. ७२० गुणांच्या त्या परीक्षेत बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास एक वजा होतो; त्या हिशेबाने हे आकडे संभवतच नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, वाढीव गुण रद्द झाले आणि २३ जूनला फेरपरीक्षा घेण्यात आली. छत्तीसगडच्या ६०२ विद्यार्थ्यांपैकी २९१ जण तिला बसले. उरलेल्यांनी मूळच्या गुणांवरच समाधान मानले. मिनिटांचे गुणांत रूपांतर करणारे निर्दोष कोष्टक अद्याप कोणास सापडलेले नाही, असेच म्हणावे लागते.

सर्वांची वेळ एक असावी, ही कल्पनाही आपल्याकडे फार जुनी नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारे ३९ मिनिटे मागे होती आणि मुंबईकरांनी ती पुढेही कित्येक वर्षे अभिमानाने जपली. रायपूरला असा त्याग करावाच लागला नाही. प्रमाणवेळेची ८२.५ अंशांची रेखा छत्तीसगडमधूनच जाते आणि रायपूरचा सूर्य तिच्याहून जेमतेम साडेतीन मिनिटे मागे आहे. त्याहीपूर्वी आपल्या लग्नमंडपात घटिकापात्र असे. तळाशी छिद्र असलेली ती वाटी चोवीस मिनिटांत पाण्यात बुडे. वरपक्ष व वधूपक्ष यांचे इतर हजार बाबतींत मतभेद होत. वेळेपुरता मात्र वाटीचा निर्णय दोघांनाही मान्य असे.

घटिकापात्राचे हेच काम पुढे विद्युत घड्याळांनी उचलले. कार्यालयात लंबकाचे एक मुख्य घड्याळ असे. ते दर अर्ध्या मिनिटाला तारेतून विजेचा एक स्पंद पाठवी आणि प्रत्येक खोलीतील तबकडीवरचा काटा त्यासरशी एकेक पाऊल पुढे सरके. त्या तबकड्यांना स्वतःची बुद्धी नसे, म्हणूनच त्या एकमेकींशी भांडत नसत. आता मुख्य घड्याळ उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांशी जुळवता येते. आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सीझियमच्या अणुघड्याळांच्या साहाय्याने देशाची प्रमाणवेळ राखतेच आहे.

प्रत्येक शाळेला अशी यंत्रणा परवडेल असे नाही, आणि तिच्यावाचून सारेच अडते असेही नाही. साधे क्वार्ट्झ घड्याळ मुळात प्रामाणिक असते. त्यातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. रायपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर अखंड राहिला, तरी उष्णतेमुळे ते दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपासच मागे पडेल. खरी चूक होते ती क्षीण झालेल्या बॅटरीमुळे आणि अंदाजाने काटे फिरवणाऱ्या हातामुळे. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी बॅटऱ्या बदलाव्यात, एकाच माणसाने एकाच प्रमाणित वेळेवरून सर्व खोल्यांतील घड्याळे लावावीत आणि प्रारंभ व समाप्ती केवळ एका घंटेने व्हावी. घड्याळ शेवटच्या बाकावरूनही दिसले पाहिजे. 'नीट'सारख्या परीक्षेत मनगटी घड्याळ नेण्यास बंदी असल्याने मुलांना भिंतीचाच आधार असतो. मनगटी घड्याळ चालत असेल तेथे पालकांनी ते घरच्या पुढे असलेल्या घड्याळावरून लावून देऊ नये. आणि एखाद्या खोलीत प्रश्नपत्रिका उशिरा पोचलीच, तर पर्यवेक्षकांनी ती वेळ मुलांसमक्ष फळ्यावर लिहावी, केंद्रप्रमुखांना तत्काळ कळवावे आणि गेलेली मिनिटे त्याच बैठकीत, कागद गोळा होण्यापूर्वीच, परत देण्याची अनुमती मागावी.