दोन मेहकर आणि हिवाळ्यातले लोणार

लोणारला जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आणि मुक्कामाने. भालकी, औराद, बसवकल्याण किंवा बीदरहून निघणाऱ्यांनी एवढे दोन नियम पाळले, की बाकीचा बेत आपोआप जुळतो. उन्हाळ्यात विवराची वाटी तापते. पावसाळ्यात उतरणीची पायवाट निसरडी होते. हिवाळ्यात हवा स्वच्छ असते, झाडी अजून हिरवी असते आणि पाण्यावर चक्रवाकांसारखे पाहुणे पक्षी उतरलेले असतात.

नावाचा एक घोटाळा आधीच टाळावा. भालकी तालुक्यात मेहकर आहे, तसे बुलढाणा जिल्ह्यातही आहे, आणि लोणार त्या दुसऱ्या मेहकरपासून पंचवीसेक किलोमीटरवर. मोबाइलच्या नकाशात नुसते ‘मेहकर’ घालण्यापेक्षा ‘लोणार सरोवर’ घातलेले बरे. रस्त्याने उदगीर, अहमदपूर, गंगाखेड, परभणी, जिंतूर अशी वाट आहे. रेल्वेने भालकीहून उदगीर, परळीमार्गे परभणीला उतरून पुढे बस किंवा भाड्याची जीप. पहाटे निघाले तरी पहिला दिवस प्रवासातच जातो. त्याच संध्याकाळी घाईने काठावरून डोकावून परतणे म्हणजे लोणार न पाहणेच.

सीमाभागातल्या माणसाला लोणार परके वाटू नये, याला कारण जमीन आहे. बीदरचा किल्ला तांबड्या जांभ्याच्या पठारावर उभा आहे, पण त्या जांभ्याखाली बेसॉल्टच आहे. भालकीकडे विहीर खणताना काळ्या मातीखाली लागतो तो काळा पाषाण आणि लोणारच्या कड्यातला पाषाण एकाच घराण्यातले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाचे ते थर आहेत. लोणारला फरक एवढाच झाला की त्या थरांवर आकाशातून उल्का येऊन आदळली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ गोल खड्डा पडला आणि उडालेला दगड काठावर साचून भोवतालच्या शेतांपेक्षा उंच कडे तयार झाले. विजापूरचे दोन गोल घुमट एकावर एक ठेवले तरी काठापर्यंत पोहोचणार नाहीत, इतके पाणी खाली आहे.

सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या जागेची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ हे ज्वालामुखीचेच मुख आहे असा समज होता. १९७३ मध्ये इथल्या दगडात मॅस्केलिनाइट सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि तो वाद मिटू लागला. फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड धक्का बसला की त्याची अशी काच होते. लाव्हा नुसता थंड झाल्याने ती होत नाही. मंगळाचे कवच बऱ्याच अंशी बेसॉल्टचे आहे आणि चंद्रावरची काळी मैदानेही बेसॉल्टचीच आहेत. म्हणून तिथल्या खड्ड्यांचा अभ्यास करणारे लोणारकडे वळतात. वयाबद्दल मात्र सावध राहावे. पुष्कळ ठिकाणी ५२ हजार वर्षे हा आकडा सांगितला जातो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनाने तो सुमारे ५ लाख ७० हजारांवर नेला आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खाली उतरावे. आधी गोमुख, ज्याला धार म्हणतात. तिथे कड्यातून गोड पाणी बारमाही वाहते. तिथून झाडीतून उतरत गेले की अर्ध्या-पाऊण तासात खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचा काठ लागतो. घरून चिमूटभर हळद पुडीत बांधून न्यावी. धारेचे पाणी ओंजळीत घेऊन हळद टाकली तर ती पिवळीच राहते. वाटीभर सरोवराचे पाणी घेऊन त्यात टाकली तर कुंकवासारखी लाल होते, वरणाचा डाग साबणाने धुताना होतो तशी. या पाण्याचा सामू साधारण १० च्या आसपास मोजला गेला आहे. बोटांना ते साबणासारखे बुळबुळीत लागते. पूर्वी पाणी आटले की काठावरचा खार गोळा करत आणि प्रकारानुसार त्याला दल्ला, खुप्पल, पापडी अशी नावे होती. लोणारचे सगळे वेगळेपण त्या लाल झालेल्या हळदीत दिसते. शाळेच्या सहलीत हा प्रयोग तरी चुकवू नये.

याच खारेपणात तगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी जून २०२० मध्ये पाणी गुलाबी केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण हॅलोआर्किया असल्याचे सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातली ही दुसरी जागा. आता बातम्या वेगळ्या आहेत. पाण्याची पातळी चढते आहे आणि काठचे कमळजा देवीचे मंदिर पाण्याने वेढले जाते. पाणी चढले म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही. गोडे पाणी मिसळत गेले तर खार पातळ होईल आणि इथलेच म्हणून जे जीव आहेत त्यांचे घर मोडेल. प्रवाशापुरता याचा अर्थ असा की काठाची जुनी वाट सगळीकडे मोकळी असेलच असे नाही. हे अभयारण्य आहे. त्या दिवशी कुठपर्यंत जाता येईल ते वनखात्याच्या चौकीवर विचारून, वाटाड्या घेऊनच उतरावे. खाली दुकान नाही, म्हणून पिण्याचे पाणी बरोबर हवे. उतरणे सोपे आहे, चढण दमवते. गुडघे दुखणाऱ्यांनी काठावरच थांबावे. तिथूनही वाटी पुरी दिसते.

दुपार गावातल्या दैत्यसूदन मंदिराला द्यावी. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचे हे देऊळ असून बाहेरच्या भिंतीवरचे शिल्प तिरप्या उन्हात उठून दिसते. वेळ उरला तर मोठा मारुती आणि त्याजवळचे अंबर तळे पाहावे. मेहकरला शार्ङ्गधर बालाजीची मूर्ती आहे. १८८८ मध्ये ती खोदकामात सापडली, आणि तेवढ्यासाठी वाट वाकडी करण्याजोगी आहे.

परतताना सिंदखेड राजा करायचे असेल तर १२ जानेवारी लक्षात ठेवावी. जिजाऊ जयंतीला तिथे मोठी गर्दी लोटते. दर्शनासाठीच जायचे असेल तर तोच दिवस धरावा; सरोवर निवांत पाहायचे असेल तर त्याच्या पुढचा आठवडा.