दाब आला असता चाल बदलावी काय?



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला फुटबॉलवर बोलण्यासाठी उभे केलेले पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात, गेटमीटिंगमध्ये आणि माणसांत. तरीही हा विषय मी मागून घेतला आहे, आणि त्याला कारण घडले ते असे.

गेल्या हिवाळ्यात भाताची कापणी होऊन खाचरे मोकळी झाल्यावर शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांतील पोरांचा एक सामना मी पाहिला. मैदान म्हणजे मधला बांध सपाट केलेली दोन खाचरे, आणि गोलाचे खांब बांबूचे. मुरबाडकडच्या मुलांनी पहिल्या मिनिटापासून समोरच्यांच्या गोलापाशी जाऊन त्यांना घेरले. शहापूरचा प्रशिक्षक तरुण आणि अभ्यासू. चेंडू उगाच लाथाडायचा नाही, गोलरक्षकापासून जवळजवळच्या पासांनी पुढे न्यायचा, असे त्याने मुलांना शिकवले होते. एक गोल झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. तिन्ही वेळा चेंडू गोलासमोरच हिसकावला गेला, आणि तिन्ही वेळा हा गृहस्थ बाहेरून ओरडत राहिला, "पायातच खेळा, पायातच खेळा!" सामना संपल्यावर सोळा वर्षांचा गोलरक्षक बांधावर डोके खाली घालून बसला होता आणि जो तो त्यालाच बोलत होता. पुढच्या रविवारी तो खेळायला आला नाही.

परतताना आसनगाव स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर वाद जुंपला. एक पक्ष म्हणाला, "समोरच्याला भिऊन आपली पद्धत बदलणे म्हणजे खेळण्याआधीच हरणे." दुसरा म्हणाला, "असली पद्धत काय चाटायची आहे? दाब आला की उचलावा चेंडू आणि मारावा लांब." मला दोघांचेही पटले नाही. का पटले नाही, तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम हा दाब म्हणजे काय ते पाहू. फुटबॉलवाले त्याला प्रेसिंग म्हणतात. चेंडू समोरच्या संघाकडे असताना आपण मागे हटून आपला गोल राखत बसावयाचे, ही जुनी रीत. प्रेसिंगमध्ये उलट करतात. समोरचा संघ आपल्या गोलापासून खेळ मांडू लागला की पाच-सहा गडी तेथेच त्याच्यावर तुटून पडतात. पण हे नुसते तुटून पडणे नव्हे. रानडुकरासाठी पूर्वी हाकारा कसा घालीत, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. हाकारे जनावर धरीत नाहीत. ते आरडाओरडा करून त्याला जिकडे माणसे दबा धरून बसली आहेत तिकडे पळवितात. पुढचा गडी गोलरक्षकाच्या अंगावर धावून जातो तो चेंडू मिळेल म्हणून नव्हे. त्याने एक बाजू बंद केली की चेंडू दुसऱ्या बाजूला, कडेच्या रेषेकडे जातो, आणि तेथे दबा धरलेला असतो. ती रेषा म्हणजे न दमणारा आणखी एक हाकाऱ्याच समजा.

हा खेळ आजचा नाही. 1960 च्या दशकात कीव्हच्या डायनामो संघाला व्हिक्टर मास्लोव्ह यांनी तो शिकवला. 1974 च्या विश्वचषकात रिनस मिशेल्स यांच्या नेदरलँड्सने तो जगाला दाखवला. अरिगो साकी यांच्या मिलान संघाने 1989 आणि 1990 अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन कप जिंकला, आणि अलीकडे 2019 साली युर्गन क्लॉप यांच्या लिव्हरपूलने चॅम्पियन्स लीग जिंकली, तीही ह्याच वाटेने. नियमांनीही त्याला हात दिला. 1992 पासून सहकाऱ्याने जाणूनबुजून पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येत नाही; त्याला पायानेच खेळावे लागते. म्हणजे पूर्वी अडचणीत सापडलेल्या बचावपटूला जी पळवाट होती ती बंद झाली. उलट 2019 साली गोल किकचा नियम बदलला. आता चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची वाट न पाहता सहकाऱ्याला तो आतच घेता येतो, आणि किक घेतली जाईपर्यंत विरोधकाला त्या क्षेत्राबाहेर थांबावे लागते. मागून खेळ मांडणाऱ्याला त्यामुळे थोडी उसंत मिळाली.

आता हिशेब मांडू. हा हिशेब पाटीवर करता येईल इतका सोपा आहे. दोन्हीकडे अकरा गडी. विरोधकाचा गोलरक्षक आपला गोल सोडून दाब द्यायला येत नाही. म्हणजे दाब देणारे फार तर दहा, आणि आपले गोलरक्षकासह अकरा. आपला कोणीतरी एक गडी कोठेतरी मोकळा असलाच पाहिजे. दुसरी गोष्ट, सहा गडी पुढे आले की मागे चारच उरतात, आणि त्यांच्या पाठीमागे अर्धे मैदान ओसाड पडते. कबड्डीत कोपऱ्याचा गडी पकडीसाठी उतावीळपणे पुढे सरला की त्याच्यामागे जी जागा उघडी पडते, तसेच हे. तिसरी गोष्ट, असली धावपळ नव्वद मिनिटे कोणालाही झेपत नाही. आपल्याकडच्या उन्हात तर नाहीच.

ह्या तीन गोष्टींतून तीन वाटा निघतात. पहिली वाट मधून. ज्याला पास द्यावयाचा त्याच्यावर पहारा असेल, तर तो तिसऱ्याच्या मार्फत द्यावयाचा. बचावपटूने चेंडू मधल्या गड्याला दिला आणि त्याने न थांबता एकाच स्पर्शात मोकळ्या गड्याकडे वळवला, की दाब देणाऱ्यांची फळी मागे पडते. दुसरी वाट वरून. चेंडू उचलून विरोधी बचावाच्या पाठीमागच्या ओसाड जागेत टाकावयाचा. आपला गडी आपल्याच अर्ध्या मैदानातून धावत निघाला असेल, तर तो ऑफसाइड ठरत नाही. गोल किकवरून थेट आलेल्या चेंडूला तर ऑफसाइड लागूच होत नाही. तिसरी वाट कडेने. उंच चेंडू एका धिप्पाड गड्याकडे टाकावयाचा आणि तो जेथे पडेल तेथे आपले तीन गडी आधीच उभे ठेवावयाचे. टपरीवरच्या दुसऱ्या पक्षाची चूक येथे आहे. लांब मारणे ही चाल होऊ शकते, पण चेंडू कोठे पडणार आणि तेथे कोण असणार, हे ठरलेले असेल तरच. एरवी तो चेंडू दानधर्म होय.

हे सारे पुस्तकी वाटत असेल, तर आपल्या मुंबईच्या संघाचे उदाहरण घेऊ. 2020-21 चा इंडियन सुपर लीगचा हंगाम कोरोनाच्या साथीमुळे संपूर्णपणे गोव्यात, प्रेक्षकांविना खेळला गेला. मुंबई सिटीचे प्रशिक्षक होते सर्जिओ लोबेरा. गोव्याच्या संघाला त्यांनी पूर्वी जे शिकवले होते तेच येथे शिकवले. चेंडू आपल्याकडे ठेवा, मागून बांधत पुढे चला. ह्या खेळाच्या बळावर 28 फेब्रुवारी 2021 रोजी एटीके मोहन बागानला 2-0 असे हरवून मुंबईने साखळीचे पहिले स्थान मिळवले. पुढे 13 मार्चला फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले.

अठराव्या मिनिटाला काय झाले ते पाहा. मुंबईचा मधल्या फळीतला खेळाडू, मोरोक्कोचा अहमद जाहू, आपल्या गोलाजवळ चेंडू घेऊन उभा होता. फिजीचा रॉय कृष्णा त्याच्या अंगावर आला, चेंडू हिसकावला गेला, आणि ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड विल्यम्सने गोल केला. शहापूरच्या पोरांच्या बाबतीत झाले, नेमके तेच! पण एकोणतिसाव्या मिनिटाला ह्याच जाहूने आपल्या अर्ध्या मैदानातून एक लांब पास बचावफळीच्या डोक्यावरून मणिपूरच्या बिपिन सिंगसाठी टाकला. तो डोक्याने बाहेर घालवू पाहणाऱ्या तिरीकडून चेंडू स्वतःच्याच गोलात गेला. बरोबरी झाली. सामना संपत आला असता, नव्वदाव्या मिनिटाला, पुन्हा एक लांब चेंडू पुढे आला. मोहन बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य गोल सोडून बाहेर धावला, पण त्याला तो घालवता आला नाही. नायजेरियाच्या ओग्बेचेने तो बिपिनला दिला आणि बिपिनने गोल केला. मुंबई 2-1 ने जिंकली.

ह्यातून काय घ्यावयाचे? जवळच्या पासांचा खेळ चुकीचा होता, असे नव्हे. त्याच खेळाने त्यांना अंतिम सामन्यापर्यंत आणले होते. पण त्यांच्याजवळ दुसरी वाटही होती, आणि ती त्या दिवशी सुचलेली नव्हती. लांब पास हा जाहूच्या रोजच्या खेळाचा भाग होता, आणि बिपिनलाही कोठे धावावयाचे ते माहीत होते. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. ज्याच्या पायातून चेंडू गेला त्याच्याच पायावर संघाने पुन्हा भरवसा ठेवला. त्याला बांधावर बसवले नाही.

कोणी म्हणेल, मग तत्त्व म्हणून काही राहिले की नाही? त्यासाठी अँजे पोस्टेकोग्लू ह्या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाकडे पाहू. नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांच्या टॉटनहॅम संघाचे दोन गडी बाहेर काढले गेले. उरलेल्या नऊ जणांनिशीही त्यांनी बचावफळी मैदानाच्या मध्यापर्यंत पुढेच ठेवली, आणि चेल्सीने त्यांना 4-1 हरवले. आम्ही असेच खेळतो, असा त्यांचा बाणा होता, आणि पुष्कळांना तो आवडलाही. पण मे 2025 मध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एका गोलची आघाडी मिळाल्यावर ह्याच माणसाचा संघ मागे सरकला, चेंडू बराच वेळ समोरच्यांना देऊन टाकला, दात-ओठ खाऊन गोल राखला आणि 1-0 ने जिंकला. त्याने तत्त्व सोडले असे मी म्हणणार नाही. वाट म्हणजेच तत्त्व असा जो समज होता, तो सोडला.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळेच तो बांधावर बसलेला मुलगा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात कंत्राटी कामगारांना कायम करावे म्हणून आम्ही आंदोलन केले. रोज सकाळी गेटमीटिंग घ्यावयाची, ही माझी पद्धत. व्यवस्थापनाने ती ओळखली. पहिल्याच आठवड्यात गेटवर पुढे उभे राहणाऱ्यांना चार्जशीट मिळू लागल्या. सहकारी म्हणाले, "भाऊ, काही दिवस गेट सोडा, संध्याकाळी वाड्यावस्त्यांवर सभा घेऊ." मी म्हणालो, "गेट सोडले म्हणजे भ्यालो असे होईल." त्या हट्टापायी चार कामगार सस्पेंड होऊन अकरा महिने घरी बसले. मला काय झाले? काही नाही. मी तर त्या कारखान्याचा कामगारच नव्हतो! पुढे आम्ही वस्त्यांवर गेलो, सह्या गोळा केल्या, सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढे प्रकरण नेले. मागणी तीच राहिली, तिच्यातला एक शब्दही बदलला नाही. वाट मात्र बदलली, आणि ती चार माणसांच्या अकरा महिन्यांइतकी उशिरा बदलली.

प्रशिक्षकाचेही असेच असते. तो रेषेबाहेर उभा असतो. त्याच्या हट्टाची किंमत आत उभा असलेला गोलरक्षक देतो.

म्हणून माझे उत्तर असे आहे. होय, चाल बदलावी; पण तीन अटींवर. पहिली अट, दुसरी वाट सरावात आधी घटवलेली असावी. सोमवारपासून शनिवारपर्यंत जे शिकवले नाही ते रविवारी ओरडून सांगण्यात अर्थ नाही. दुसरी अट, जमीन आणि माणसे पाहून बदलावी. फातोर्ड्याच्या हिरवळीवर जो पास सरळ जातो तो आपल्या खाचरात ढेकळावर उडतो, आणि दोष मात्र पोराच्या पायाला लागतो. तिसरी अट, केव्हा बदलावयाचे ते सगळ्या संघाला ठाऊक असावे. एकाने लांब मारला आणि बाकीचे दहा जण जवळच्या पासाची वाट पाहत उभे राहिले, तर ती चाल नव्हे, गोंधळ होय. आणि एवढे करूनही गोल झाला, तर प्रशिक्षकाने सर्वांसमोर म्हणावे, "चाल माझी होती, चूकही माझी."

त्या तरुण प्रशिक्षकाला मी हे सारे टपरीवरच सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने मला त्या गोलरक्षकाच्या घराची वाट विचारली. तो मुलगा आता पुन्हा खेळतो आहे, आणि माहुलीच्या पायथ्याशी संध्याकाळी त्यांचा लांब पासांचाही सराव चालतो, असे ऐकतो. येत्या हिवाळ्यात मुरबाडकरांशी पुन्हा सामना आहे. कोण जिंकेल ते सांगता येत नाही. मुरबाडची मुलेही काही स्वस्थ बसलेली नसतील. आपण सर्वांनी तो पाहायला यावे, आणि कोणाचा चेंडू गेला तर त्या पोराला बोलण्याआधी क्षणभर रेषेबाहेरच्या माणसाकडे पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.