पाण्याला ‘द’ चालतो

‘वॉटर’, ‘मिल्क’, ‘इन्फर्मेशन’ ही अगणनीय नामे (एक-दोन-तीन अशी मोजता न येणारी) आहेत. त्यांना ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ लागत नाही, हे शाळेत पक्के होते. मग ‘द’ही लागत नसणार, असे अनेकजण धरून चालतात. घोटाळा इथेच होतो.

‘अ’चे मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दात आहे, म्हणून तो मोजणीत अडकतो. ‘द’ आला तो ‘तो, ते’ अशा दर्शक शब्दातून. त्याला मोजायचे नसते, बोट दाखवायचे असते.

‘दूध पौष्टिक असते’ यात दूध कुठलेही. ‘अगं, दूध उतू गेलं!’ यात मात्र गॅसवरचेच. मराठीत दोन्हीकडे नुसते ‘दूध’ भागते. इंग्रजीत पहिले ‘मिल्क’, दुसरे ‘द मिल्क’.

पुढे ‘ऑफ’ने नाम नेमके केले की बहुधा ‘द’ येतो: ‘इंडियन हिस्टरी’, पण ‘द हिस्टरी ऑफ इंडिया’. उलट चूकही ऐकू येते, ‘द लाइफ इज हार्ड’. आयुष्य सर्वसाधारण असेल तर तिथे ‘द’ नको.