पाव किलोचं विमान, सोलापूरचं आभाळ

भारतात विमानांचा पहिला कारखाना काढणारा माणूस सोलापूरचा. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात झाला. 1940 च्या डिसेंबरात त्यांनी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली आणि पुढच्याच वर्षी तिथून पहिलं विमान बाहेर पडलं. हार्लो जातीचं, वैमानिकांना शिकवण्यासाठीचं. आजची एचएएल ती हीच. शिकाऊ विमानांशी सोलापूरचं नातं असं जुनं आहे, आणि ते पुढे चालवायला आता कारखाना लागत नाही. फोमचं, पाव किलोच्या आतलं, रिमोटवर उडणारं एक विमान पुरतं. त्या विमानाच्या या काही गमती.

पंख कसला? हवेचाच!

थर्माकोलच्या ठोकळ्यात 98 टक्के हवा असते, प्लास्टिक जेमतेम दोन टक्के. म्हणूनच हाताएवढा पंख काही ग्रॅममध्ये बसतो. मात्र थर्माकोल ठिसूळ, आपटला की दाणे सुटतात. नवशिक्यांच्या तयार विमानांत त्याचे दोन चिवट भाऊबंद वापरतात. एक ईपीपी, म्हणजे वाकवला तरी परत सरळ होणारा. दुसरा ईपीओ, जरा कडक आणि दिसायला गुळगुळीत. जत्रेत हाताने फेकायची फोमची विमानं मिळतात ती बहुतेक ईपीपीची. त्यात छोटी मोटर, सुकाणू हलवणारे दोन सर्वो आणि रिमोटचा संदेश पकडणारा रिसीव्हर बसवून रिमोटचं विमान करणारे हौशी जगभर आहेत. सुरुवातीला यापेक्षा चांगला प्रयोग मला तरी माहीत नाही.

स्टेशनरीच्या दुकानात फोमशीट मागितली तर पुष्कळदा सनबोर्ड हातात येतो. तो पीव्हीसीचा, खऱ्या उडाऊ फोमच्या दहापट जड. घराचं मॉडेल करायला उत्तम, विमानाला निरुपयोगी. नवा फ्रिज किंवा टीव्ही आला की खोक्यातला थर्माकोल मात्र जपून ठेवा. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटवाट्या आणि मखरं बंद झाली, त्यामुळे फुकटात हाती येणारा थर्माकोल आता पॅकिंगचाच.

नाक चेपलं? पाणी उकळायला ठेवा

ईपीओचं विमान नाकावर आपटलं की फोम चेपतो, सुरकुत्या पडतात. अशा वेळी मोटर आणि बॅटरी काढायची, मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं आणि चेपलेला भाग त्यात काही सेकंद धरायचा. डोळ्यांसमोर फोम फुगायला लागतो. सुरकुत्या एकेक करत सुटतात, बसलेले दाणे टम्म होतात आणि नाक जवळजवळ मूळ आकारावर येतं. कारण सोपं आहे : उकळत्या पाण्याने प्लास्टिक मऊ पडतं, दाण्यात कोंडलेली हवा तापून प्रसरण पावते आणि चेपलेली भिंत आतून बाहेर ढकलते. ज्या विज्ञानाच्या पुस्तकात 'उष्णतेने वायू प्रसरण पावतात' हे वाक्य आहे, त्याच्या शेजारी हे पातेलं ठेवायला हवं. पाणी मोठ्या माणसानेच हाताळावं.

डिंकाचंही रसायनशास्त्र आहे. फेविक्विक थर्माकोलला लावलं तर थर्माकोलच विरघळतो, जोडायच्या जागी खड्डा पडतो. तेच ईपीपी आणि ईपीओला झकास चालतं. थर्माकोलला साधा फेव्हिकॉल लावा. वाळायला रात्र लागेल, पण पंख वाचेल. पंख धडाला डिंकाने चिकटवूच नका, रबरबँडने बांधा. पडल्यावर रबर निसटतात, पंख सुटून बाजूला जातो आणि मोडतोड टळते.

पाचचा ठोकळा

जुनं पाच रुपयांचं जाडजूड नाणं बरोबर 9 ग्रॅमचं असतं. छोट्या विमानांत सुकाणू हलवणारी जी सर्वो मोटर सर्रास वापरतात, तिचं नावच '9 ग्रॅम सर्वो'! म्हणजे घरात तराजू नसला तरी वजनाचं माप खिशात आहे. ही नाणी आणखी एका कामाला येतात : तोल साधायला.

तोल म्हणजे सीजी, गुरुत्वमध्य. बहुतेक शिकाऊ विमानांत तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एकतृतीयांश अंतरावर हवा. पंख 15 सेंटिमीटर रुंद असेल तर साधारण 4 ते 5 सेंटिमीटरवर. तिथे पंखाखाली दोन्ही बाजूंनी एकेक बोट टेकवून विमान उचला, बॅटरी आत ठेवूनच. नाक किंचित खाली झुकलं तर उडवायला हरकत नाही. शेपटी खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा. तरी भागत नसेल तर नाकात पाचचा एक ठोकळा चिकटवा. नाकाकडे जड असलेलं विमान आळशी उडतं, शेपटीकडे जड असलेलं विमान हातातून सुटताच नाक वर करून कोसळतं. नव्या विमानांच्या पहिल्याच उड्डाणातल्या पडझडीचं मोठं कारण हेच, आणि ते दोन बोटांनी घरीच टाळता येतं.

एप्रिलची हवा पातळ, डिसेंबरची दाट

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचावर आहे. त्यात पारा 40 वर गेला की हवेची घनता, हिशेब केला तर, समुद्रकाठच्या प्रमाण हवेच्या 87 टक्क्यांवर येते. तेवढीच उचल मिळवायला विमानाला साधारण 7 टक्के जास्त वेग लागतो. डिसेंबरात पहाटे 15 अंश असतात तेव्हा हीच घनता 95 टक्क्यांजवळ असते. तेच विमान, तीच बॅटरी, तेच बोट. पण हिवाळ्यात ते संथ उडतं आणि सावकाश उतरतं. शिकणाऱ्याला दुसरं काय हवं?

शिवाय सूर्य वर येण्याआधी वारा पडलेला असतो. ऊन चढलं की काळी जमीन तापते आणि तिच्यावरून गरम हवेचे झोत वर जायला लागतात. घार पंख न हलवता घिरट्या घालत वर चढताना दिसली की खाली असा झोत आहे हे नक्की. सराईत माणूस तिथे मोटर बंद करून विमान घारीच्या पाठोपाठ वर नेतो. नवशिक्याने मात्र त्या वेळेपर्यंत विमान पिशवीत घालून घरी नाश्त्याला बसावं. आषाढातल्या वाऱ्यात तर पाव किलोचं विमान नेऊच नये.

सोलापूरच्या आभाळाचा शास्त्रज्ञांनीही अभ्यास केला आहे. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात इथूनच विमानं ढगांत नेली, कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या पेटवून ढगांवर कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. पर्जन्यछायेतला जिल्हा म्हणून सोलापूरची निवड झाली होती.

कुठे उडवावं

माळरान उत्तम. ज्वारी काढलेलं रान लांबून मोकळं दिसतं, पण जवळ जाऊन पाहा : कापलेल्या ताटांची धसकटं उभी असतात, टोकदार आणि वाळून कडक झालेली. त्यावर पोटावर उतरलेल्या विमानाला भोकं पडतात. नांगरलेलं रान त्यापेक्षा बरं, ढेकळं फुटलेली असतील तर आणखी बरं. वेड्या बाभळीपासून मात्र लांब राहा. फोम काट्यात अडकला की काढताना पंखही फाटतो आणि हातही.

नान्नजकडे जाऊच नका. तिथलं माळढोक अभयारण्य 1979 चं आहे आणि तो माळ त्या पक्ष्याचा. वरून घोंघावत जाणारं काहीही जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्याला शिकारी वाटू शकतं. एवढा मोठा जिल्हा पडला असताना नेमकं तिथेच विमान उडवणं मला अक्षम्य वाटतं.

बिनतारी कहाणी

रबरबँडवर उडणारं पहिलं यशस्वी स्थिर विमान पॅरिसच्या बागेत 1871 साली उडालं. आल्फोन्स पेनो या तरुणाचं ते विमान 11 सेकंदांत 40 मीटर गेलं. त्याच पेनोच्या कल्पनेवरचं उडतं खेळणं 1878 मध्ये एका वडिलांनी आपल्या मुलांसाठी घरी आणलं. त्या मुलांची नावं ऑर्व्हिल आणि विल्बर राइट.

रेडिओची गोष्ट त्यानंतरची. 1898 मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कला रेडिओवर चालणारी होडी दाखवली. विजेच्या मोटरवरचं रेडिओ-विमान इंग्लंडमध्ये 1957 साली उडालं. त्या काळच्या रेडिओच्या लहरी लांब, त्यामुळे रिसीव्हरची तार हातभर लोंबायची; आणि दोघांनी एकाच वाहिनीवर रिमोट चालू केला तर एकाचं विमान हमखास पडायचं. मैदानावर फळा असे, त्यावर ज्याची पिन लागली त्यानेच उडवायचं.

आजचे रिमोट 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. लहर साडेबारा सेंटिमीटरची, म्हणून तारेचं उघडं टोक फक्त 3 सेंटिमीटर! तुमच्या घरातला वायफायही याच पट्ट्यात बोलतो, पण रिमोट सारखा वाहिन्या बदलत उड्या मारत राहतो आणि गोंधळ टळतो. या उड्यांच्या तंत्राचं एक पेटंट 1942 मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथिल यांनी घेतलं होतं, रेडिओवर चालणाऱ्या पाणतीरासाठी.

छोटं म्हणजे किरकोळ नव्हे

मेनार्ड हिल या अमेरिकन हौशी माणसाने 2003 च्या ऑगस्टमध्ये पाच किलोंपेक्षा हलकं मॉडेल विमान कॅनडातून सोडलं आणि 38 तास 52 मिनिटांनी ते आयर्लंडमध्ये उतरलं. तीन हजार किलोमीटरचा अटलांटिक! हिल तेव्हा 77 वर्षांचे होते आणि त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. इंधन होतं कंदिलाचं. या सगळ्या माहितीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

मोटरच नसलेलं मॉडेल ग्लायडर, निव्वळ डोंगराआडच्या वाऱ्यावर, 2021 मध्ये ताशी 880 किलोमीटरच्या वर गेलं. आणि फोमवाल्यांचा लाडका 'पायरीचा पंख', ज्याच्या वरच्या बाजूला चक्क एक पायरी असते, तो जन्मला कागदी विमानातून. क्लाइन आणि फोगलमन या दोन अमेरिकनांनी त्याचं पेटंट 1972 मध्ये घेतलं. वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांत तो नेहमीच्या पंखापुढे फिका पडला. फोमच्या विमानांत मात्र टिकला, कारण शीटवर शीट चिकटवली की पंख आपोआप ताठ होतो.

डावं-उजवं

विमान तुमच्यापासून लांब जातं तेव्हा सगळं सोपं. ते वळून तुमच्याकडे यायला लागलं की त्याची डावी बाजू तुमच्या उजवीकडे येते आणि बोटं उलटी चालतात. युक्ती एकच : जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्या बाजूला रिमोटची काडी सरकवा, जणू खालून टेकू देताय. डोकं वापरावं लागत नाही, विमान सरळ होतं. आणि उंची ठेवा. चूक सावरायला वेळ उंचीच देते. पंख धडाच्या वर आणि टोकांना किंचित वर उचललेले असतील असंच विमान घ्या. काडी सोडली की ते स्वतःहून समतोल होतं. मिळत असेल तर पाठीमागे पंखा असलेलं पाहा, आपटल्यावर पंखा वाचतो.

बॅटरीची एक गोष्ट गंभीरपणे घ्या. लिथियम पॉलिमरचा एक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट असतो. 3 च्या खाली गेला की खराब होतो. ठेवून द्यायचा तर 3.8 च्या आसपास. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, आणि सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत तर कुठलीच ठेवू नका. फोमचे पंखसुद्धा तिथे वाकडे होतात.

आभाळात आता शेजारी आहेत

होटगी रस्त्याच्या विमानतळाचं नाव सोलापूरकरांनी कित्येक वर्षं, विमानांच्या वाटेत येणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीसोबतच घेतलं. ती चिमणी 15 जून 2023 रोजी पाडली गेली. 9 जून 2025 पासून गोव्याला विमान सुरू झालं. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या आभाळात आता प्रवासी असतात आणि हौशी माणसाची जबाबदारी वाढली आहे.

2021 चे ड्रोन नियम चार पंख्यांच्या यंत्राइतकेच विमानाच्या आकाराच्या यंत्रालाही लागू आहेत. 250 ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला चालकाचा परवाना लागत नाही. दोन किलोंपर्यंत हौसेसाठी उडवणाऱ्यालाही नाही. कुठे उडवायचं, त्या क्षेत्राचा नियम मात्र सर्वांना आहे. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रातली उंचीची मर्यादा 200 फूट, त्यापलीकडे 400 फूट. त्याहून जवळ परवानगीशिवाय नको, आणि शहराचा बराच भाग त्यातच येतो. तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर आपली जागा तपासा, रानमालकाला विचारा, आणि येत्या डिसेंबरात एखाद्या रविवारी उजाडता उजाडता गावाबाहेरच्या माळावर या. येताना रबरबँड, चिकटपट्टी आणि शाळेत जाणारं एक पोर बरोबर आणा.