विश्लेषण : नावीन्याची ओढ आणि व्यसन यांचे मूळ एकच? उंदरांवरील प्रयोग काय सांगतात?

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरी देवीची यात्रा भरते. यात्रेत आलेल्या मुलांच्या दोन तऱ्हा सहज दिसतात. एखादे मूल आईचा हात सोडून थेट आकाशपाळण्याकडे धावते, तर दुसरे लांब उभे राहून आधी इतरांना बसलेले बघते. नव्याची ही ओढ प्रत्येकात कमी-जास्त का असते? आणि हीच ओढ पुढे अमली पदार्थांकडे नेते का?

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी येथे पोलिसांनी एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ पकडला आणि तपास थेट तुळजापूर शहरापर्यंत पोहोचला. अशा वेळी लोक दोनच निकाल देतात : ‘त्याच्या रक्तातच आहे’ किंवा ‘संगतीने बिघडला’. उंदरांवरील संशोधन या दोन्हींपेक्षा वेगळे काही सांगते.

उंदराची ‘ओढ’ मोजतात कशी?

उंदराला अनोळखी, मोकळ्या पेटीत सोडले जाते. तो किती फिरतो, तळाला पाडलेल्या भोकांत किती वेळा डोकावतो, ओळखीचा कप्पा सोडून नव्या कप्प्यात किती वेळ रमतो, याची नोंद होते. काही उंदीर कोपरा सोडत नाहीत, काही सगळी पेटी पालथी घालतात. व्यसनाची चाचणी वेगळी असते. एक कळ दाबली की नळीतून अमली पदार्थाची ठरावीक मात्रा थेट रक्तात जाते. उंदीर ती कळ किती वेळा दाबतो, हे मोजले जाते.

दोन्हींचा संबंध कसा लक्षात आला?

फ्रान्समधील बोर्दो येथील पियाझ्झा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक निष्कर्ष मांडला. नव्या जागेत जास्त धावपळ करणारे ‘रॅट’, म्हणजे मोठ्या जातीचे उंदीर, अ‍ॅम्फेटामिन स्वतःहून घ्यायला लवकर शिकतात. मेफेड्रोन हेही अ‍ॅम्फेटामिनप्रमाणेच उत्तेजक आहे.

यात जनुकांचा भाग किती?

अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेने यासाठी खास उंदीर वापरले. आठ वेगवेगळ्या वंशांच्या संकरातून आलेल्या या उंदरांत प्रत्येकाची जनुकीय जडणघडण निराळी असते, अगदी माणसांसारखी. त्यांच्यावरील २०१५ च्या अभ्यासातही नावीन्याची ओढ आणि कोकेन घेणे यांत संबंध आढळला. अशा उंदरांत दोन्ही गुणांवर परिणाम करणारे जनुकीय भाग शोधता येतात. माणसांतील जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार व्यसनाच्या धोक्यात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील साधारण निम्मा आनुवंशिक असतो. ही सरासरी समाजाची आहे. अमक्याचे व्यसन निम्मे वडिलांकडून आले, असा तिचा अर्थ नाही.

मग ‘व्यसनाचे जनुक’ सापडले का?

नाही. १९९६ मध्ये डोपामाइन या मेंदूतील रसायनाशी निगडित ‘डीआरडी४’ जनुकाचा नावीन्याच्या ओढीशी संबंध जोडला गेला तेव्हा मोठा गाजावाजा झाला. पुढच्या अभ्यासांत मात्र तो कधी दिसला, कधी नाही. २०१९ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून धोका पत्करण्याच्या वृत्तीशी निगडित ९९ जनुकीय जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा आहे. धूम्रपान, मद्यपान आणि गांजा यांच्याशी या वृत्तीचे जनुकीय नाते मात्र दिसले. त्यातले ‘सीएडीएम२’ हे जनुक उंदरांत निकामी केल्यावर त्यांचे धोका पत्करण्याचे वर्तन कमी झाले.

ओढ असली की व्यसन ठरलेलेच?

इथेच सर्वांत महत्त्वाचा धागा आहे. केंब्रिजमधील बेलिन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये रॅटवर प्रयोग केले. नव्या जागेत धावणारे रॅट कोकेन लवकर घेऊ लागले. पण शिक्षा होत असूनही कोकेन न सोडणारे रॅट वेगळे निघाले. ते उतावळे, म्हणजे थांबता न येणारे होते. चव घेणे आणि त्यात अडकणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

परिस्थितीही बरेच ठरवते. अमेरिकेतील केंटकी येथे २००१ मध्ये झालेल्या प्रयोगात सोबती आणि नवनव्या वस्तू असलेल्या पिंजऱ्यात वाढलेल्या रॅटनी एकट्याने वाढलेल्यांपेक्षा अ‍ॅम्फेटामिन कमी घेतले. मात्र हा फरक कमी मात्रेला दिसला; मात्रा वाढवल्यावर तो उरला नाही. म्हणजे चांगले वातावरण आधार देते, पण जबर नशेपुढे तेवढ्याने भागत नाही. पदार्थ गावात पोहोचूच न देणे म्हणूनच तितकेच गरजेचे.

घरच्यांनी यातून काय घ्यायचे?

उंदराला मित्र आग्रह करत नाहीत, त्याला बेकारीही नसते. त्यामुळे हे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी एक गोष्ट स्पष्ट आहे : धडपड्या मुलावर ‘वाया जाणार’ असा शिक्का मारायला विज्ञानाचा आधार नाही. त्या ओढीला तालीम, कबड्डी, पोहणे, यंत्रांची खटपट अशी वाट हवी. आणि कुणी अडकलाच तर तो उपचाराचा विषय आहे. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘मुक्तांगण’मधून अनेक जण व्यसनातून बाहेर पडले आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे शासकीय मदत क्रमांक आहेत.

येरमाळ्याच्या यात्रेत पाळण्याकडे धावणारे ते मूल मोठेपणी कुठे धावेल, हे त्याच्या जनुकांत लिहिलेले नाही. त्याच्यासमोर काय मांडून ठेवले आहे, यावर ते बरेच अवलंबून आहे.