टेबल नेमकं कुठे आहे?

व्हाइसमध्ये जॉब बांधला आहे, एक भोक पाडून झालं आहे आणि दुसरं त्याच्यापासून ३७.३५ मिलिमीटरवर पाडायचं आहे. मिलिंग मशीनच्या टेबलाचा स्क्रू ४ मिलिमीटर पिचचा, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला टेबल ४ मिलिमीटर सरकतं. डायलवर ८० रेघा, एकेक रेघ ०.०५ ची. नऊ फेऱ्यांचे झाले ३६, उरले १.३५, त्याच्या २७ रेघा. मनातल्या मनात फेरे मोजत हँडल फिरवायचं. सहाव्या की सातव्या फेऱ्याला घरातून जेवायला हाक आली, ‘आलो’ म्हणेपर्यंत आकडा निसटला, की पुन्हा पहिल्यापासून. बरं, २७ ऐवजी चुकून २९ रेघांवर गेलात तर दोन रेघा मागे येऊन भागत नाही. स्क्रू आणि नट यांच्यात जो प्ले असतो, ज्याला बॅकलॅश म्हणतात, तेवढ्यात हँडल नुसतं फिरतं. टेबल जागचं हलत नाही. म्हणून चांगला अर्धा फेरा मागे जायचं आणि त्याच बाजूने पुढे येत २७ वर थांबायचं.

टूलरूममध्ये आयुष्य काढलेले कारागीर हे सगळं झोपेतही करतील, आणि डीआरओ, म्हणजे डिजिटल रीडआउट, हे त्यांच्यातल्या काहींना नव्या पोरांचे लाड वाटतात. त्यांचा हात तयार आहे, म्हणून त्यांना तसं म्हणायचा हक्कही आहे. पण घरच्या वर्कशॉपचा मालक रविवारी दोन-तीन तास मशीनपाशी येतो. गेल्या खेपेला प्ले किती होता हे त्याच्या हाताला आठवत नाही. शिवाय मशीन बहुधा सेकंडहँड. बहुतेक काम टेबलाच्या मध्यावर होत असल्याने स्क्रूही मध्येच जास्त झिजलेला असतो. मध्ये प्ले काढायला नट आवळला, तर टोकाकडे जाताना टेबल जाम होतं. टोकाला मोकळं चालेल असं ठेवलं, तर मध्ये खडखडतं.

डीआरओ या भांडणात पडतच नाही. मशीनच्या एका भागावर पट्टी बसवलेली असते, जिला स्केल म्हणतात, आणि दुसऱ्या भागावर ती वाचणारं डोकं. स्क्रू झिजलेला असो, नट ढिला असो, डोकं पट्टीवरून जेवढं सरकलं तेवढाच आकडा पडद्यावर येतो. हँडल हे फक्त टेबल ढकलायचं साधन उरतं.

स्क्रूवर विसंबायचं नाही ही कल्पना घरच्या वर्कशॉपात फार उशिरा पोहोचली, पण तिचा उगम जुना आहे. दोन जाळ्या एकमेकींवर थोड्या तिरक्या धरल्या की रुंद, सरकते पट्टे दिसतात. दुहेरी मच्छरदाणीत झोपलेल्या कुणालाही ते ठाऊक असतात. या मोआरे पट्ट्यांनी बारीक रेघांच्या जाळ्या पारखता येतात हे लॉर्ड रॅली यांनी १८७४ मध्येच सांगितलं होतं. अडचण होती ती लांबलचक आणि बिनचूक जाळी स्वस्तात बनवण्याची. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये सर थॉमस मर्टन यांनी तोड काढली. लेथवर एका दंडगोलावर बारीक आटे कापायचे, मग त्यांच्यावर मऊ गराचं अस्तर लावलेला नट चालवायचा. हा नट एकाच वेळी अनेक आट्यांवर दबलेला असतो, त्यामुळे एकेका आट्याची चूक सरासरीत विरून जाते. त्या सुधारलेल्या आट्यांचा पातळ साचा उतरवून तो सपाट पसरला की मापाची जाळी तयार. स्क्रूच्या चुकांपासून सुटका करणारी पट्टी मुळात स्क्रूमधूनच जन्मली, ही गंमत मला फार आवडते.

एडिंबरोच्या फेरांटी कंपनीने १९५० च्या दशकात अशा जाळ्या यंत्रांवर बसवल्या. या कामामागचा अभियंता डी. टी. एन. विल्यमसन, जुन्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरचे शौकीन ज्याला ‘विल्यमसन’ म्हणतात तो अँप्लिफायरही त्याचाच. जर्मनीत ट्रॉनरॉइटची हायडेनहाइन कंपनी काचेवर बारीक रेघा उमटवण्याच्या तंत्रातून याच धंद्यात मोठी झाली. आज चीनमध्ये बनणाऱ्या काचपट्ट्यांमुळे हीच गोष्ट छंदासाठी मशीन चालवणाऱ्यांच्या आवाक्यात आली आहे.

काचेच्या पट्टीत मिलिमीटरला ५० रेघा असतात. १० मायक्रॉनची काळी रेघ, मग १० मायक्रॉनची मोकळी जागा. वाचणाऱ्या डोक्यात तशाच रेघांचा छोटा तुकडा, एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारे सेल. डोकं २० मायक्रॉन सरकलं की उजेड एकदा पूर्ण वाढून पूर्ण कमी होतो. सेल दोन जोड्यांत असतात आणि त्यांचे सिग्नल एकमेकांपासून पाव आवर्तनाने मागेपुढे ठेवलेले असतात. कोणता सिग्नल आधी चढला यावरून दिशा कळते, आणि दोन्हींच्या चढउतारांचे मिळून चार टप्पे मोजले की २० चे ५ मायक्रॉन होतात. पडद्यावरचा शेवटचा अंक ०, ५, ० असा उडतो तो त्यामुळे. १ मायक्रॉनची पट्टी घ्यावी का, असं लोक हमखास विचारतात. घरच्या मिलिंगवर ५ पुष्कळ झाले. शेवटचा अंक सारखा थरथरताना बघून आपलं मशीन फार अचूक आहे असा समज होतो, एवढाच १ मायक्रॉनचा फायदा.

काच नको असेल तर चुंबकीय टेप आहे. तिला तेल-कूलंटचं भय नाही, जागाही कमी लागते. त्याहून स्वस्त म्हणजे डिजिटल व्हर्नियरच्या जातीच्या कपॅसिटिव्ह पट्ट्या. हौशी लोक त्या ब्लूटूथने जुन्या टॅबलेटला जोडून टचडीआरओ नावाचं अॅप वापरतात आणि कोरड्या कामाला ते छान चालतं. कूलंट उडायला लागलं की या पट्ट्यांचे आकडे मनाला येईल तसे उड्या मारतात.

आता बसवण्याचं काम. माझ्या मते डीआरओची खरी अचूकता इथेच ठरते, कारखान्यात नव्हे.

पहिला वाद एक्स, म्हणजे डावी-उजवीकडच्या, दिशेच्या पट्टीचा, टेबलाच्या पुढे लावायची की मागे. मागे लावली तर ती हाताखालून बाजूला राहते, पण टेबल आणि मागचा उभा खांब, म्हणजे कॉलम, यांच्यातली जागा खाते आणि तेवढी वाय, म्हणजे पुढे-मागे, दिशेची चाल कमी होते. पुढे लावली तर टेबलाचे स्टॉप काढावे लागतात आणि लॉकपर्यंत हात पोचत नाही. भोसरीपासून कोल्हापूरच्या शिरोलीपर्यंतच्या टूलरूममध्ये ज्याला एमवनटीआर म्हणतात, त्या ब्रिजपोर्टच्या वळणाच्या मोठ्या मशीनला वाय चाल भरपूर असते. तिथे पट्टी मागे लावावी. बाकावर बसणाऱ्या छोट्या मिलला मुळात वाय चाल बेताची, तिच्यातला एक इंच घालवणं परवडत नाही. तिथे पट्टी पुढे लावून स्टॉपवर पाणी सोडावं.

मग बिडाचे पृष्ठभाग. टेबलाची कड मशीन केलेली असते, पण सॅडल (टेबलाखालचा सरकता भाग) आणि नी (त्याला पेलणारा, वर-खाली होणारा भाग) यांच्या बाजू ओतीव, ओबडधोबड, वर लांबी भरून रंग दिलेला. रंगावर ब्रॅकेट आवळलं तर काही महिन्यांत लांबी दबते आणि ब्रॅकेट हलतं. जिथे बोल्ट बसणार तिथे खरवडून धातूपर्यंत जायला हवं. त्यावर ॲल्युमिनियमची जाड पट्टी, तिच्यात बोल्टांशेजारी छोटे ग्रब स्क्रू. ते आत-बाहेर करून पट्टी सरळ आणता येते.

भोकं हातातल्या ड्रिलनेच पाडावी लागतात, कारण टेबल उचलून दुसऱ्या मशीनवर नेणं सोपं नाही. एम५ च्या टॅपला ४.२ चं ड्रिल. बीड कोरडंच कापतं, तेल लागत नाही. त्याची काळी भुकटी मात्र स्लाइडमध्ये गेली तर कानसेचं काम करते, म्हणून आधी कापड झाकायचं, भुकटी व्हॅक्यूमने ओढायची, हवेने फुंकायची नाही. तेलाची वाट किंवा टी-स्लॉट कुठे आहे हे पाहून खोली आधी ठरवायची. घाईने टॅप तुटला तर तो पोलादी तुकडा टेबलात कायमचा राहतो.

पट्टी चालीला समांतर हवी. सॅडलवर डायल गेज उभा करून त्याची टोकणी पट्टीच्या अंगावर टेकवायची, टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं आणि काटा ०.१ मिलिमीटरच्या आत राहील असं बसवायचं. समोरून आणि वरून, दोन्हीकडून. इथे एक गैरसमज जवळजवळ सार्वत्रिक आहे. पट्टी तिरकी बसली की माप चुकतं, असं सगळे सांगतात. गणित करून पाहा: ५०० मिलिमीटरमध्ये पट्टी चक्क १ मिलिमीटर तिरकी असली, तरी मापातली चूक जेमतेम १ मायक्रॉन. समांतरपणा हवा तो डोक्यासाठी. डोकं आणि पट्टी यांच्यात सुमारे १ मिलिमीटर अंतर असावं लागतं. ते कमी-जास्त झालं की डोकं घासतं, ओढलं जातं आणि शेवटी काच फुटते. पट्टीची चाल टेबलाच्या चालीहून दोन्ही टोकांना थोडी जास्त हवी, तीही डोकं वाचवण्यासाठीच.

मापातली खरी चूक दुसरीकडून येते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. येनाच्या झाइस कारखान्यातले एर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये सांगून ठेवलं, की मोजपट्टी मोजायच्या रेषेतच असावी. मिलिंगवर ती तशी नसतेच. कटर मध्ये आणि पट्टी टेबलाच्या कडेला, समजा २०० मिलिमीटर दूर. गिब, म्हणजे स्लाइडमधली ढिलाई काढणारी पट्टी, ढिली असल्याने टेबल सरकताना ३०० मिलिमीटरला ०.०२ इतकंही वळत असेल, तर कटरपाशी सुमारे १३ मायक्रॉनची चूक होते आणि पडदा त्याचा थांगपत्ता लागू देत नाही. म्हणून पट्टीला हात लावण्याआधी गिब नीट आवळलेली असावी. यात हयगय करून पुढचं काम मन लावून करणारे बरेच दिसतात.

डोक्याचं ब्रॅकेट त्याच मशीनवर करून घ्यावं, जाडजूड. परीक्षा सोपी आहे. सगळं बसवून झालं, डोक्याच्या प्लॅस्टिकच्या वाहतुकीच्या चिमट्या काढल्या, पडदा चालू केला, टेबल लॉक केलं. मग ब्रॅकेटवर अंगठ्याने दाबून पडद्याकडे बघायचं. आकडा ०.०१५ ने सरकला आणि अंगठा काढल्यावर परत आला, तर ब्रॅकेट पातळ आहे. काढा आणि दुसरं करा. पट्टीच्या रबरी ओठांची फट खाली येईल अशी बघा, नाहीतर चिप्स आत जातात. पडद्याला अर्थिंग द्या.

वापराची मजा पहिल्याच दिवशी येते. जॉबचा मध्य काढायचा तर एज फाइंडर, म्हणजे कड शोधायचं साधन, एका कडेला टेकवून शून्य करायचं, समोरच्या कडेला टेकवायचं आणि ‘अर्धं’ करणारं बटण दाबायचं. फाइंडरची जाडी दोन्ही बाजूंनी आपोआप वजा होते, कागद-पेन्सिल लागत नाही. ६० मिलिमीटरच्या वर्तुळावर सहा भोकं हवी असली तर ३०, मग १५ आणि २५.९८१ असे सगळे सहनिर्देशांक पडदाच काढतो. आपण दोन्ही आकडे शून्यावर आणून भोकं पाडत जायचं. रोटरी टेबल कपाटातून काढायची गरजच उरत नाही.

काही गोष्टी मात्र जशाच्या तशा राहतात. बॅकलॅश पडद्यावरून गेला तरी मशीनमधून गेलेला नसतो. कटरच्या दिशेनेच जॉब सरकवून काप घेतला, ज्याला क्लाइंब मिलिंग म्हणतात, तर कटर टेबलाला प्लेएवढं पुढे ओढतो आणि एंडमिल तुटते. पडदा ती उडी अगदी बिनचूक दाखवतो. लाइट गेली आणि त्या काळात टेबल हललं, तर पडद्यावरचा आकडा विश्वासाचा राहत नाही, कारण पट्टी फक्त मोजणी करते. म्हणून पट्टीवरच्या संदर्भखुणेपासून शून्य किती दूर आहे हे सुरुवातीलाच साठवून ठेवावं. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ३८ अंशांना काम केलं, तर २० अंशांच्या प्रमाण तापमानाशी तुलना करता पोलाद आणि काच वेगवेगळ्या मापाने वाढतात. १०० मिलिमीटरला फरक सुमारे ६ मायक्रॉन, पण अर्ध्या मीटरला ३० च्या घरात जातो.

राहिला झेड, उभ्या दिशेचा प्रश्न. पैसे मर्यादित असतील तर दोनच दिशांचा पडदा घ्यावा, असं माझं मत आहे. क्विलला, म्हणजे स्पिंडल धरून वर-खाली होणाऱ्या नळीला, स्वस्तातली छोटी कपॅसिटिव्ह पट्टी लावली की खोली मोजायचं काम भागतं. आणि नी असलेल्या मशीनवर उभ्या दिशेला स्क्रूचा डायल आजही भरवशाचा आहे. नी आणि टेबल यांचं वजन स्क्रूवर कायम एकाच बाजूने बसलेलं असतं, त्यामुळे तिथला प्ले नेहमी निघालेलाच राहतो; फक्त माप घेताना नी खालून वर आणायची.